सोसलेलें दुःख आणि नोंदलेलें दुःख

न्यायालयाचें निकालपत्र हा वाङ्मयाचा एक प्रकार मानावा कीं नाहीं, याविषयीं मतभेद असूं शकतील. परंतु ज्या गद्यावर एखाद्या कुटुंबाचें पुढील आयुष्य अवलंबून असतें, त्या गद्यानें काय पाहिलें आणि काय पाहिलें नाहीं, याचें परीक्षण टीकाकारानें करूं नये, असें कोणी म्हणणार नाहीं. कादंबरींतील पात्राच्या दुःखाला लेखकानें न्याय दिला कीं नाहीं, हें तपासण्याची आम्हांस संवय आहे. ज्यांचें दुःख कल्पित नाहीं, त्यांना न्यायाधीशांच्या लेखणीनें किती न्याय दिला, हें आज पहावें असें आम्हीं योजिलें आहे. विषय आहे सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेंतील हयगय आणि तिच्याबद्दलची नुकसानभरपाई.

या वाचनास निमित्त घरचेंच घडलें. आमच्या एका मावशींच्या उजव्या गुडघ्याचा सांधा दहा वर्षांपूर्वीं एका रुग्णालयांत बदलण्यांत आला. पहिल्या वर्षीं त्या देवळापर्यंत चालत जात. दुसऱ्या वर्षापासून ठणका सुरू झाला. तपासणीस गेल्या म्हणजे ‘वयाप्रमाणें एवढें चालायचेंच’ असें त्यांस सांगण्यांत येई, आणि घरीं येऊन त्याही तेंच सांगत. सात वर्षें त्या जिन्याचा कठडा धरून, ओठ मिटून वरखालीं करीत राहिल्या. शेवटीं दुसऱ्या एका शल्यवैद्यानें क्ष-किरणांचें चित्र पाहून सांगितलें कीं, सांध्याचा खालचा भाग हाडांत सैल झाला आहे, आणि तो मुळापासूनच तिरपा बसविलेला दिसतो. पुन्हां शस्त्रक्रिया झाली. मावशींच्या मुलानें भरपाईचा विचार मनांत आणला, तेव्हां पहिल्या रुग्णालयाकडून उत्तर आलें कीं, जुने कागद नियमाप्रमाणें नष्ट करण्यांत आले आहेत. घरच्या कपाटांत सांपडलें तें केवळ बिल. त्यावर रक्कम होती. सांधा कोणत्या कारखान्याचा, कोणत्या मापाचा, याचा उल्लेख नव्हता.

अशा प्रकरणांत न्यायालय कोणता प्रश्न विचारतें? तो प्रश्न १९५७ सालीं इंग्लंडांत घडविला गेला आणि ‘बोलम कसोटी’ या नांवानें प्रसिद्ध आहे. मानसिक आजारानें पीडित अशा एका गृहस्थास १९५४ सालीं विजेच्या धक्क्याचा उपचार देण्यांत आला. स्नायु शिथिल करणारें औषध दिलें गेलें नाहीं, आणि धोक्याची पूर्वसूचनाहि दिली गेली नाहीं. झटक्यांच्या जोरानें त्याच्या दोन्ही मांड्यांच्या हाडांचे गोळे खुब्यांच्या वाट्या फोडून आंत घुसले. न्यायाधीशांनीं ज्यूरीस असें समजाविलें कीं, त्या कलेंत निपुण अशा जबाबदार वैद्यांचा एक वर्ग जी पद्धत योग्य मानतो तिला अनुसरून वागलेला वैद्य, केवळ दुसऱ्या वर्गाचें मत भिन्न आहे म्हणून, हयगयीचा दोषी ठरत नाहीं. दावा फेटाळला गेला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं हीच कसोटी आपल्या देशांत स्पष्टपणें स्वीकारली. बदललेल्या खुब्यांचे दावे आज जिच्यानें मोजले जातात ती कसोटी दोन्ही खुबे फुटलेल्या व दावा हरलेल्या माणसाच्या प्रकरणांत जन्मली, हें वाचून आम्ही कांहीं वेळ थांबलों.

या कसोटीचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. शस्त्रक्रिया फसली एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाहीं. कुशल हातांखालींहि शंभरांत एखाद्या सांध्यांत जंतुदोष शिरतो. निकाल पाहून मागाहून शहाणपण सांगणें सोपें असतें, आणि त्या शहाणपणापासून प्रामाणिक वैद्याचें रक्षण झालेंच पाहिजे. आमची तक्रार निराळी आहे. कसोटीचें तें वाक्य पुन्हां वाचून पहावें : त्याचा कर्ता वैद्य आहे, त्याचे साक्षीदार वैद्य आहेत, त्यांतील मतभेदहि वैद्यांचे आहेत. रुग्ण त्या वाक्यांत कोठेंच नाहीं. इंग्लंडला ही उणीव पुढें जाणवली. तज्ज्ञांचें मत तर्काच्या कसोटीस उतरलें पाहिजे, असें तेथें १९९७ सालीं ठरलें. आणि धोक्याची सूचना किती द्यावी हें रुग्णाच्या दृष्टीनें ठरवावें, असें २०१५ सालीं ठरलें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं एवढें मान्य केलें कीं, हयगय उघड दिसत असेल तेथें प्रत्येक दाव्यांत तज्ज्ञांच्या साक्षीची अट घालूं नये. परंतु तिरपा बसलेला सांधा उघड दिसत नाहीं. तो मोजावा लागतो.

आतां आपल्याकडील एक जुनें निकालपत्र पहावें. मे १९५३ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत येथें समुद्रकिनाऱ्यावर विशीच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. त्यास उपचारासाठीं पुण्यास आणलें, आणि अपघातानंतर तीन दिवसांनीं तो मरण पावला. हाड बसवितांना पुरेशी गुंगी न देतां अतिरिक्त जोर लावला व त्या आघातानें मृत्यु आला, असें वडिलांचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं तें उचलून धरलें. या निकालांत वैद्याचीं तीन कर्तव्यें सांगितलीं आहेत : रुग्ण हातीं घ्यावा कीं नाहीं हें ठरवितांना, कोणता उपचार करावा हें ठरवितांना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करतांना योग्य ती काळजी घेणें. ही मांडणी इतकी साधी व इतकी पूर्ण आहे कीं, पुढच्या अनेक निकालपत्रांच्या पाल्हाळांत तिची आठवण होते. गुंगी दिली होती कीं नाहीं, मृत्यूचें खरें कारण कोणतें, याचा शोध येथें तत्त्वचर्चेच्या आधीं येतो, आणि वाचकास त्या खोलींत उभें असल्यासारखें वाटतें. भरपाई मिळाली ती तीन हजार रुपये, आणि ती कायम होण्यास पंधरा वर्षें लागलीं. परंतु दुःख पाहिलें गेलें.

तें पाहिलें गेलें याचें कारण केवळ न्यायाधीशांची दृष्टि नव्हे. फिर्याद करणारा पिता स्वतः वैद्य होता. काय विचारावयाचें हें त्यास ठाऊक होतें. आणि हानि तात्काळ घडली होती; कारण व परिणाम यांच्यामध्यें वर्षें पडलीं नव्हतीं. कृत्रिम सांध्याची गोष्ट नेमकी उलट. तो पंधरा-वीस वर्षें टिकावा म्हणून बसवितात. तिरपा बसला तर तो प्रथम चालतो, मग कुरकुरतो, मग झिजतो, मग सैल होतो. शस्त्रक्रियेचा एक तास कायद्याच्या भिंगाखालीं येतो. त्यानंतरचीं वर्षें त्याच्या बाहेर राहतात.

या वर्षांकडे न्यायालय कसें पाहतें, हें २०१० सालच्या दुसऱ्या एका निकालपत्रावरून कळतें. तें सांध्याविषयीं नाहीं, परंतु काळाविषयीं आहे. गोव्यांतील एका परिचारिकेवर १९९३ सालीं मुंबईंत पोटाची शस्त्रक्रिया झाली. दुखणें राहिलें. २००२ सालीं पुन्हां पोट उघडलें, तेव्हां आंत राहिलेली कापडाची पट्टी निघाली. तिनें २००४ सालीं तक्रार दाखल केली. ग्राहकांच्या कायद्यांत तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानेंहि ती तशीच ठेविली आहे. योग्य कारण दाखविल्यास विलंब माफ होतो. सर्वोच्च न्यायालयानें येथें तत्त्व उदार सांगितलें : परिणाम लपून राहिलेला असेल, तर वाजवी दक्षतेनें तो कळण्याजोगा होईल तेव्हांपासून मुदत मोजावी. पण निकाल मात्र तिच्या विरुद्ध गेला. इतकीं वर्षें दुखत असतांना, स्वतः परिचारिका असून, तिनें चौकशी करावयास हवी होती, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें.

कायद्याच्या दृष्टीनें हा युक्तिवाद कदाचित् निर्दोष असेल. माणसाच्या दृष्टीनें तो अपुरा आहे. आमच्या घरांतून, विशेषतः स्त्रियांना, लहानपणापासून एकच धडा दिला जातो : सोसावें, बोलूं नये. घरांत ज्याला सोशिकपणा म्हणून वाखाणतात, त्याला न्यायालयांत विलंब म्हणतात. निकालपत्र त्या नऊ वर्षांचा हिशेब करतें. तीं कशीं गेलीं असतील याचा विचार करीत नाहीं. आणि सोसण्याचा काळ कायदा एका बाजूनें मोजीत असतां, दुसऱ्या बाजूनें पुरावा नाहींसा होत असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें, रुग्णालयांत ठेवलेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें जपावयाचे असतात. मागितल्यास ते बहात्तर तासांत द्यावयाचे असतात. नियम चांगला आहे. परंतु धातु हाडांत वीस वर्षें राहावयाचा आणि कागद कपाटांत तीन वर्षें, हा हिशेब कोणी जुळवून पाहिलेला दिसत नाहीं.

या विसंगतीची किंमत किती मोठी असूं शकते, हें एका प्रसिद्ध प्रकरणानें दाखविलें. त्यांत दोष शल्यवैद्याच्या हाताचा नव्हता, वस्तूचा होता. पण भरपाई मागणाऱ्याची अडचण तीच. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या डेप्यू शाखेचा ‘एएसआर’ नांवाचा खुबा धातूवर धातु घासणारा होता. त्याचे कोबाल्ट व क्रोमियमचे कण आसपासच्या मांसांत व रक्तांत जात. इंग्लंड व वेल्स येथील राष्ट्रीय नोंदवहींत पाच वर्षांच्या आंत शंभरांतील बारा-तेरा रुग्णांवर पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागल्याचें दिसलें. ऑगस्ट २०१० मध्यें तो खुबा जगभरांतून परत घेण्यांत आला. तोंपर्यंत सुमारे ९३,००० बसविले गेले होते. भारतांत सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. येथें केंद्र सरकारची समिति २०१७ सालीं नेमली गेली. तिनें प्रत्येकीं किमान २० लक्ष रुपये सुचविले; पुढें २०१८ च्या अखेरीस वय व अपंगत्व यांवरून ३० लक्षांपासून १ कोटी २३ लक्षांपर्यंत भरपाई ठरविणारें सूत्र आलें, आणि त्यावर न्यायालयांत वाद झाला.

हें सूत्र गणिताचें आहे. त्याला भाषासौंदर्य नाहीं. तरी बोलम कसोटीच्या डौलदार वाक्यापेक्षां तें आम्हांस अधिक माणुसकीचें वाटलें, कारण त्यांत निदान रुग्णाचें वय आहे व त्याच्या पायाची उणीव आहे. परंतु त्या ४,७०० पैकीं तीन हजारांहून अधिकांचा ठावठिकाणाच लागला नाहीं. भरपाई ठरली, घेणारे सांपडेनात. त्यांतील कित्येक आजहि कोठेंतरी कठडा धरून जिना चढत असतील, आणि दुखतें तें वयामुळें असें मानीत असतील.

याच्या शेजारीं एक जुनी हकीकत ठेवावीशी वाटते. खुबा बदलण्याची आजची पद्धत ज्यांनीं घडविली ते इंग्रज शल्यवैद्य जॉन चार्नली यांनीं प्रथम टेफ्लॉन नांवाच्या पदार्थाच्या वाट्या सुमारे ३०० रुग्णांस बसविल्या. त्या कांहीं वर्षांतच झिजल्या व भोंवतालचें मांस बिघडलें. चार्नली यांनीं रुग्णांची पाठ सोडली नाहीं. पुन्हां शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या पदार्थाचे कण स्वतःच्या मांडींत घालून परिणाम पाहिला. १९६२ सालीं त्यांनीं नव्या पदार्थाची वाटी वापरली आणि ती यशस्वी झाली. चूक मोठी होती. पण ती नोंदली गेली, म्हणून ती विद्या झाली.

आमच्या म्हणण्यावर वैद्य मंडळींचा एक आक्षेप येईल. नोंदी वाढल्या कीं दावे वाढतील. दाव्यांच्या भीतीनें वैद्य अवघड रुग्ण नाकारतील आणि नको त्या तपासण्या करवितील. भीति खोटी नाहीं. परंतु नोंद ही दोन्ही पक्षांची साक्षीदार आहे. सांधा नीट बसला होता व पुढें निरुपायानें बिघडला, हें सिद्ध करण्यासहि तोच कागद लागतो. कागद नसला म्हणजे प्रामाणिक वैद्य व बेफिकीर वैद्य एकाच रांगेंत उभे राहतात, आणि त्यांत प्रामाणिकाचेंच नुकसान अधिक.

सारांश, इतकें वाचून आमचें मत असें झालें आहे कीं, आपल्या न्यायव्यवस्थेंत भरपाई दुःखाला मिळत नाहीं. नोंदलेल्या दुःखाला मिळते. न्यायाधीशांनीं दृष्टि कितीहि उदार केली, तरी समोर न आलेलें ते पाहूं शकत नाहींत. म्हणून सुधारणेचा आरंभ निकालपत्रापासून नव्हे, कपाटापासून झाला पाहिजे. सांधा शरीरांत असेपर्यंत त्याचे कागद रुग्णालयानें जपावे, आणि प्रत्येक बसविलेल्या सांध्याची सक्तीची राष्ट्रीय नोंदवही असावी. आज अस्थिवैद्यांच्या संस्थेची आहे ती ऐच्छिक आहे. तोंपर्यंत घरोघरच्या मुलांनीं व सुनांनीं दोन गोष्टी कराव्या : सांध्याच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिठ्ठी व क्ष-किरणांचीं चित्रें मागून घ्यावीं, आणि वडीलधारें माणूस ‘चालायचेंच’ म्हणालें, तर त्या दिवसाची तारीख टिपून ठेवून त्यास दुसऱ्या वैद्याकडे न्यावें.

मावशींचा दावा उभा राहिला नाहीं. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्या बऱ्या आहेत; देवळापर्यंत पुन्हां जातात, वाटेंत एकदां बसून. नव्या सांध्याची चिठ्ठी त्यांनीं पंचांगांत घडी करून ठेविली आहे, आणि कोणी शेजारीण गुडघे धरून आली कीं तीच प्रथम बाहेर काढून दाखवितात.