डिस्क आपोआप जोडली जाते, पण डेटा जातो कुठे?

लॅबमधल्या लिनक्स मशीनला एक्स्टर्नल हार्ड डिस्क आपोआप कशी माउंट करायची, असं विचारलं की सिनियर हमखास सांगतात, 'एफएसटॅबमध्ये एक ओळ टाक.' उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. संशोधनात असं अर्धं उत्तर महागात पडतं. म्हणून उपलब्ध पद्धती जरा तपासून बघू.

समजा, तुम्ही करावे गावाजवळच्या टी. एस. चाणक्य पाणथळीवर फ्लेमिंगोंचे हजारो फोटो काढलेत. ते एक्स्टर्नल डिस्कवर आहेत आणि त्यांची मोजणी करणारा प्रोग्राम रात्रभर चालतो. पावसात वीज गेली, परत आली, मशीन स्वतःहून सुरू झालं. आता काय होईल?

पहिली पद्धत डेस्कटॉपची. डिस्क लावली की उबुंटूवर मीडिया फोल्डरात, तुमच्या नावाखाली ती दिसते. वापरायला सोपी, पण हे काम तुमच्या लॉगिननंतर होतं. मध्यरात्री कोणीच लॉगिन केलेलं नसतं, म्हणजे डिस्क वायरने जोडलेली असूनही माउंट झालेली नसते. शिवाय त्याच नावाचा जुना फोल्डर उरला असेल, तर नव्या नावाला १ जोडला जातो आणि प्रोग्राममधला पत्ता चुकतो. पेन ड्राइव्हसाठी ही पद्धत ठीक, रात्रभराच्या कामासाठी नाही.

दुसरी पद्धत एफएसटॅबची. इथे 'एसडीबी१' असं नाव लिहू नका. दुसरी डिस्क आधी ओळखली गेली की ते नाव बदलतं. डिस्कचा यूयूआयडी लिहा, तो फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो. नुसती ओळ टाकली आणि डिस्क काढलेली असली, तर सिस्टिमडी साधारण ९० सेकंद वाट बघतं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. तुम्ही घरी, मशीन लॅबमध्ये. एसएसएचही लागत नाही. यावर सगळे 'नोफेल' हा पर्याय सुचवतात.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. नोफेलमुळे मशीन सुरू होतं, पण डिस्क नसेल तर माउंटची जागा हा मशीनच्या आतल्या डिस्कवरचा एक साधा रिकामा फोल्डर उरतो. प्रोग्रामला लिहिण्याची परवानगी असेल तर तो तिथेच लिहीत बसतो. एरर येत नाही. आतली डिस्क भरत जाते, आणि नंतर खरी डिस्क माउंट झाली की लिहिलेल्या फाइल तिच्याखाली झाकल्या जातात. त्या गेलेल्या नसतात, फक्त दिसत नाहीत. अर्धा निकाल इकडे, अर्धा तिकडे!

तिसरी पद्धत मला जास्त पटते: त्याच ओळीत नोफेलसोबत 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' लिहायचं. फोल्डरला पहिल्यांदा हात लावला की डिस्क माउंट होते. डिस्क नसेल तर थोडं थांबून एरर येते आणि प्रोग्राम तिथेच थांबतो. थांबलेला प्रोग्राम सकाळी कळतो, चुकीच्या जागी लिहिणारा महिनाभर कळत नाही. तरीही स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट' कमांडने खात्री करा आणि रिकामा फोल्डर फक्त रूटला लिहिता येईल असा ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

'आपोआप'ची आणखी एक बाजू आहे, सुरक्षेची. २०११ मध्ये जॉन लॅरिमर यांनी श्मूकॉन परिषदेत दाखवलं होतं, की पेन ड्राइव्ह आपोआप उघडून फाइलींची छोटी चित्रं बनवणाऱ्या प्रोग्रामातून लिनक्स डेस्कटॉपवरही हल्ला होऊ शकतो. म्हणून सगळ्यांच्या वापरातल्या मशीनवर आपोआप माउंट बंदच बरं.

आणि डिस्क काढताना अनमाउंट मात्र स्वतः करा. कॉपी संपल्याचं दिसलं तरी काही डेटा अजून मेमरीतच असतो.

थोडक्यात, पद्धत निवडताना 'चालते का?' एवढंच विचारू नका. 'बिघडली तर मला कळेल का?' हेही विचारा. उपकरण असो, स्क्रिप्ट असो की डिस्क, पीएचडीत हाच प्रश्न रोज लागतो.