चाळीचा चौक आणि रहिवाशांची कला

शहरांतील एखाद्या आळीनें, चाळीनें वा वाडीनें स्वतःच्या हौसेखातर बसविलेल्या नाटकाला, मेळ्याला अगर पोवाड्याला कला म्हणावें काय, हा प्रश्न रसिकांस पुष्कळदां हास्यास्पद वाटतो. नटाचे संवाद पाठ नसतात, पेटी सुरांत नसते, आणि राजाच्या अंगावरील शेला शेजारच्या काकूंचा असतो, हें पहिल्या रांगेंतील पोरालाहि ठाऊक असतें. अशा प्रयोगास रंगभूमीचीं मापें लावलीं तर निकाल काय लागणार तें उघड आहे. परंतु तीं मापें येथें लावावीं कीं नाहीं, याचाच विचार आधीं व्हावयास पाहिजे.

गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि १९०१ सालीं लोकमान्य टिळक तेथें येऊन गेले. या उत्सवाचा राजकीय इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. त्याची दुसरी बाजू अशी कीं, चौकाभोंवतीं उभी राहिलेली चाळ ही बांधणीनेंच नाट्यगृहासारखी असे. खोली लहान म्हणून माणसांचा वावर सज्जांत. सज्जांचीं तोंडें चौकाकडे. त्यामुळें चौकांत चार फळ्या टाकून उभें राहणाऱ्यास प्रेक्षक शोधीत हिंडावें लागत नसे. खर्च बिऱ्हाडागणिक वर्गणींतून निघे, आणि वर्गणी दिलेली असल्यामुळें प्रत्येक बिऱ्हाडास बऱ्यावाईट मताचा हक्कहि प्राप्त होई. यंदा जो प्रेक्षक तोच पुढल्या वर्षीं नट, आणि ज्याला कांहींच येत नाहीं तो पडदा ओढणारा. हा अदलाबदलीचा व्यवहार हेंच या कलेचें मर्म होय.

या जगाचें मराठींतील सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८). चाळकऱ्यांची सांस्कृतिक चळवळ, त्यांची संगीतिका, त्यांचें भ्रमणमंडळ, या सर्वांची तेथें यथेच्छ थट्टा आहे. थट्टा निर्विष आहे, आणि निरीक्षण इतकें अचूक कीं, चाळींत वाढलेल्या वाचकास आपलेच शेजारी ओळखूं येतात. लेखक हंसतो तो चाळकऱ्यांची महत्त्वाकांक्षा आणि त्यांची ऐपत यांमधील अंतरास. पुस्तक शेवटास येतें तेव्हां मात्र अखेरच्या चिंतनांत सूर पालटतो. चाळ जाणार या कल्पनेनें लेखक व्याकुळ होतो. हा पालट कोणास भावविवशतेचा वाटण्याचा संभव आहे. आमच्या मतें तो आधींच्या भागावर लेखकानें स्वतःच दिलेला फेरनिकाल आहे. ज्या धडपडीचें हंसूं येत होतें तीच या बिऱ्हाडांस एकमेकांशीं बांधीत होती, हें चाळ निघूं लागल्यावर कळतें.

पुढें १९६१ सालीं लेखकानेंच या चाळीचा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणिला. साऱ्या चाळकऱ्यांचे आवाज एकाच नटाच्या कंठांतून निघाले, आणि तो प्रयोग अपूर्व ठरला. कला म्हणून हा मोठाच विजय होय. पण त्या विजयांत एक गोष्ट गळाली. तिकीट काढून खुर्चींत बसलेला प्रेक्षक हा चाळकरी राहिला नव्हता. पुढल्या वर्षीं पडदा ओढण्याची पाळी त्याच्यावर येणार नव्हती. चाळीची नक्कल उत्तम साधली, पण नकलेनें चाळ उभी राहत नाहीं.

येथें एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. रहिवाशांची कला म्हणतांना रहिवासी म्हणून कोणास मोजावयाचें? कित्येक चाळी जातवार वसलेल्या होत्या. वर्गणी सर्वांची आणि मान थोड्यांचा, हाहि प्रकार होता. १९२६ सालीं दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवांत अस्पृश्यांस पूजेचा हक्क मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे आदींनीं जो लढा दिला, त्याचें मूळ याच प्रश्नांत होतें. ‘सार्वजनिक’ या शब्दाची खरी परीक्षा तेथें झाली. ज्यांस अशा चौकांत जागा नव्हती त्यांनीं आपले चौक स्वतः निर्माण केले. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनीं तमाशाचा घाट घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले आणि करमणुकीबरोबर स्वाभिमानाची शिकवण वस्त्यांवस्त्यांतून नेली. १९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. अण्णाभाऊ स्वतः माटुंग्याच्या लेबर कँपांत राहिलेले. त्यामुळें समोरच्या कामगाराचें दुःख त्यांस कल्पनेनें रचावें लागलें नाहीं. ‘माझी मैना गावाकडं राहिली’ या छक्कडींत मुंबईंत आलेल्या कष्टकऱ्याचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी हीं एकजीव झालीं आहेत. वस्तीची कला हौशी म्हणून दुय्यमच असावयाची, या समजुतीस याहून चोख उत्तर नाहीं.

आज हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाहीं. वरळी, नायगांव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें बांधल्या. तेथें सज्जे नव्हते. मधून लांब बोळ आणि दुतर्फा सुमारें १६० चौरस फुटांच्या खोल्या. तरीहि बोळांतून आणि इमारतींमधल्या मोकळ्या जागांतून उत्सव वाढले. आतां त्या जागीं उंच मनोरे उठत असून, २०२५ च्या ऑगस्टमध्यें वरळीच्या पहिल्या कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. या लाभाबद्दल खेद करणें हें, सामाईक संडासाच्या रांगेंत ज्यास कधीं उभें राहावें लागलें नाहीं, त्याचेंच काम होय. मोरी-संडास घरांत आला, ही त्या गृहिणींच्या आयुष्यांतील क्रांतीच आहे.

परंतु घराबरोबर चौक मिळतो कीं नाहीं, हें कोणी तरी विचारलें पाहिजे. मनोऱ्यांतील उत्सव कंत्राटदाराकडे सोंपविला जातो. मांडव तो घालतो, वाद्यवृंद तो आणतो, जाहिरातदाराचें नांव कमानीवर झळकतें, आणि रहिवासी उद्वाहनानें खालीं येऊन पाहुण्यासारखा पाहून जातो. कार्यक्रम नीटनेटका होतो. सुरहि बिघडत नाहींत. मात्र कोणाचा शेला कोणी मागावयास जात नाहीं, आणि तालमीच्या निमित्तानें चार मजल्यांवरचीं मुलें एकत्र येत नाहींत. नव्या सोसायट्यांनीं तालमीसाठीं एक खोली आणि कार्यक्रमासाठीं एक मोकळें अंगण आपल्या ताब्यांत ठेवावें, खर्च पुनः वर्गणींतून करावा, आणि त्या अंगणांत झाडूवाल्याच्या व रखवालदाराच्या मुलांसहि भूमिका द्यावी. पहिल्या वर्षीं प्रयोग फसेल. त्याबद्दल टीकाकारांनीं फार कठोर होऊं नये.