स्वनिर्मित विमानातील खिटी : एका उपदेशाची चिकित्सा

वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक आच्छादनास कॅनोपी म्हणतात. ती उड्डाणात अकस्मात उघडल्यास काय करावे, याविषयी अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाच्या ‘एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक’ या ग्रंथातील दार उघडण्यासंबंधीचे विवेचन सामान्यतः प्रमाण मानले जाते. त्याचा आशय असा की, दार उघडणे हे बहुधा फारसे घातक नसते. घातक ठरते ती वैमानिकाची गडबड. त्याने पट्टे सोडू नयेत, दाराच्या मागे लागू नये, विमान सांभाळावे व शांतपणे उतरावे.

हा उपदेश योग्य आहे, यात संशय नाही. परंतु तो पूर्ण आहे काय, असा प्रश्न स्वनिर्मित विमानांच्या संदर्भात विचारावा लागतो. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना केली, तेव्हापासून स्वहस्ते विमान बांधण्याच्या हौसेस संघटित रूप आले. या विमानांपैकी अनेकांस बाजूचे दार नसून वर कॅनोपी असते, आणि येथेच उपदेशाच्या गृहीताला तडा जातो. पुढील कडेस बिजागरी असलेले बाजूचे दार वारा स्वतःच बहुतांशी मिटवून धरतो. कॅनोपी मात्र विमानाच्या अशा भागावर बसते, जेथे वेगवान हवेमुळे दाब कमी होतो. म्हणून वारा तिला वर ओढतो. बिजागरी पुढे असेल तर ती थोडी उचलून तरंगत राहते. बिजागरी बाजूस असेल तर ती पूर्ण उलटू शकते.

या ओढीचे मान सोप्या गणिताने काढता येते. कॅनोपीचे क्षेत्र एक चौरस मीटर व सरासरी दाब-गुणांक उणे ०.५ धरला, तर समुद्रसपाटीवर १०० नॉट वेगास ही ओढ सुमारे ८२ किलोग्रॅम भाराइतकी होते. ती वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने १५० नॉटला सुमारे १८५, तर जमिनीवर १५ नॉटने चालताना दोन किलोग्रॅमहूनही कमी भरते. म्हणजे खिटी न लावलेली कॅनोपी जमिनीवर स्वतःच्या वजनानेच बंद राहते, आणि नेमकी धावपट्टी संपत आली असता उचलली जाते. वैमानिकाने डोळ्यांनी केलेली खात्री त्याला येथे फसविते. अशा प्रसंगास केवळ ‘विस्मरण’ म्हणणे हे अर्धेच निदान होय.

बर्ट रुटान यांच्या व्हॅरीईझ (१९७५) व लाँग-ईझी (१९७९) या विमानांचा विचार या दृष्टीने बोधप्रद ठरतो. त्यांची कॅनोपी बाजूस उघडते आणि प्रॉपेलर मागे असतो. त्यामुळे कक्षातून उडालेली वस्तू थेट प्रॉपेलरवर जाण्याचे भय असते. लाँग-ईझीत मुख्य खिट्यांखेरीज एक स्वतंत्र सुरक्षा-अडकण असते. शिवाय कॅनोपी न लावता थ्रॉटल पुढे केल्यास वाजणारा इशारा-भोंगा असतो. या योजनेमागे माणूस विसरणारच, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा आहे. विस्मरणाचा परिणाम अपघातात होऊ नये, एवढीच ती काळजी घेते.

तथापि या योजनेलाही मर्यादा आहेत. इशाऱ्याचा स्विच केवळ कॅनोपी खाली आल्याचे सांगत असेल, आकडा खरोखर अडकल्याचे सांगत नसेल, तर तो खोटे आश्वासन देतो. शिवाय येथे रेखाटन एकाचे व हात दुसऱ्याचा. नकाशा निर्दोष असूनही आकड्याची पकड उथळ राहू शकते, दुवा सैल पडू शकतो, आणि वेळ वाचविण्यासाठी एखादा बांधणारा अडकण वा भोंगाच गाळू शकतो. कारखान्यातील तपासनीसाची जागा येथे त्याच्या सदसद्विवेकबुद्धीने घ्यावयाची असते.

तात्पर्य, ‘विमान सांभाळा’ हा उपदेश खिटी निसटल्यानंतरचा आहे. तो खिटीच्या रचनेतील उणिवेची भरपाई करू शकत नाही. वैमानिकास धीर शिकविणे अवश्य आहे, पण त्या धीराच्या भरवशावर दुसरी अडकण वगळणे म्हणजे रचनाकाराचे ऋण वैमानिकाच्या नावे लिहिणे होय. अपघाताच्या अहवालात ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द येतात तेथे अभ्यासकाने आपली चौकशी संपवू नये; खरे तर तेथूनच तिला आरंभ करावा.