माहितीपत्रकातली खोली

छोट्या उत्खनन यंत्रांची माहितीपत्रके आम्ही मुद्दाम वाचून पाहिली. (गावात पिवळे काहीही खोदू लागले की तो ‘जेसीबी’च!) त्यांतल्या एका खऱ्या गुणाला न्याय मिळत नाही. ३ टनी यंत्राचे दोन पट्टे प्रत्येकी ३० सेंमी रुंद आणि जमिनीला १५० सेंमी टेकलेले धरा. दर चौरस सेंमीवर भार येतो सुमारे ३३० ग्रॅम. चालताना एका पावलावर तोललेल्या माणसाचाही साधारण एवढाच! वर्गात आलेखकागदावर पाऊल आखून पडताळा घ्यावा.

ठळक अक्षरांत असते ते ‘खोदाई अडीच मीटर’. वणी तालुक्यातल्या राजूरला, कोळशाच्या आणि चुनखडीच्या गावाला, खोदणे नवे नाही. पण या मुलखातली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते; चराची उभी भिंत केव्हा ढासळेल सांगता येत नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. चालक काठावर असतो. नळ जोडायला आत उतरतो तो मजूर. बकेटचे माप बहुधा शीग धरून दिलेले, चिकटून राहणारी माती कोण वजा करतो? चराला आधाराच्या फळ्या केव्हा लावाव्यात, याची एक ओळही आम्हांला त्या पत्रकांत सापडली नाही.