शांततेचे कोटेशन

आवाजासाठी पैसे मोजून मी लॅमिंग्टन रोडवर पहिल्यांदा गेलो तो १९७५ साली. मिनर्व्हाला ‘शोले’ लागला होता. सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि स्टीरिओफोनिक ध्वनी! नाणं खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा मी खुर्चीखाली वाकून पाहिलं होतं. शेजारचा गृहस्थही वाकलेला होता. आमची डोकी आपटली, तो आवाज मात्र साधाच आला. त्याच रस्त्यावर अठ्ठेचाळीस वर्षांनी, २०२३ च्या दिवाळीआधी, मी शांतता विकत घ्यायला गेलो. दरम्यान त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय. टॅक्सीवाले ते मान्य करत नाहीत आणि मीही त्यांच्याशी वाद घालत नाही.

शांतता हवी होती ती कॉम्प्युटरची. आमचा नातू चिन्मय (मुलीचा मुलगा, नाशिकचा) माटुंग्याला इंजिनिअरिंगला म्हणून दादरला आमच्याकडे राहायला आला तो बरोबर एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन. त्यावर तो अभ्यास करतो असं त्याच्या आईला वाटतं, आणि गेम खेळतो हे आम्हाला माहीत आहे. खेळायला आमची ना नव्हती. पण गेम सुरू झाला की ते यंत्र असं काही घोंघावायचं की पहिल्या दिवशी मी गॅलरीत जाऊन आकाशाकडे पाहिलं होतं.

पलीकडच्या खोलीत आमची ही गाण्याच्या शिकवण्या घेते. मधे एक भिंत, आणि तीही बिल्डरनं अनिच्छेनं घातलेली. हिचा तानपुरा काळी चारमध्ये, आणि त्या यंत्राचा सूर काळी चार आणि पांढरी सहा यांच्या फटीत. शिकणाऱ्या मुली बिचाऱ्या दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून मधेच कुठंतरी षड्ज लावायच्या. ही कधी बोलली नाही. पण एका रविवारी चिन्मयच म्हणाला, “आजोबा, मी हॉस्टेल बघतोय. मित्र आहेत तिथं.” मित्र सहा महिने होतेच, हॉस्टेल आत्ताच कसं आठवलं, हे मला कळलं. माझं एक रिकरिंग त्याच महिन्यात मॅच्युअर होत होतं. म्हटलं, चल लॅमिंग्टन रोडला.

आता तुम्ही म्हणाल, सत्तरीच्या बँकवाल्याला यातलं काय कळतं? खरं आहे. पण नोकरी सांभाळून पंचवीस वर्षं मी एका साप्ताहिकात नाट्यपरीक्षणं लिहिली. न कळणाऱ्या गोष्टींवर मत देण्याचा मला जुना सराव आहे. दुकानदारानं कोटेशन हातात ठेवलं आणि मी सवयीनं ते नाटकाच्या जाहिरातीसारखं वरपासून खाली वाचलं. एकूण १,६२,००० रुपये. वाचून झाल्यावर माझ्यातला परीक्षक जागा झाला. बँकवाला आधीच जागा होता.

परीक्षण असं. प्रोसेसर चोवीस कोअरचा. रॅम चौसष्ट जीबी. प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याचा कूलर, त्याला तीन पंखे. कॅबिनेट काचेचं, त्यात रंगीत दिव्यांचे आणखी सात पंखे. एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारा डबा, हजार वॅटचा. आणि एवढा लवाजमा उभा केल्यावर, ज्याच्या जिवावर गेम दिसायचा ते ग्राफिक्स कार्ड कुठलं? तर आरटीएक्स ३०५०. म्हणजे नेपथ्य भव्य, प्रकाशयोजना डोळे दिपवणारी, मध्यंतरात बटाटेवडा उत्कृष्ट, आणि नायकाच्या भूमिकेत निर्मात्याचा मेहुणा!

“काका, फ्यूचर-प्रूफ है,” दुकानदार म्हणाला.

“आवाज किती करेल?”

“आवाज? काका, ये देखो लाइट. गाने के साथ नाचता है.”

आमच्या घरी गाण्याबरोबर काहीही नाचलेलं हिला चालत नाही. आम्ही चहा घेऊन निघालो.

घरी आल्यावर चिन्मयनं स्वतः यादी केली. ती मी आजही जपून ठेवलीय, कारण ती त्यानं एका छापील फॉर्मच्या पाठीवर लिहिली होती. फॉर्म हॉस्टेलचा होता. मी तो उलटून पाहिला नाही असं दाखवलं.

त्याचं पहिलं वाक्य मला आवडलं. “आजोबा, खरेदी पडद्यापासून उलटी करायची.” त्याच्याकडचा मॉनिटर चोवीस इंची, १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा. फोर-के म्हणतात त्या पडद्यावर बरोबर चौपट ठिपके असतात. तेवढे रंगवायला दांडगं कार्ड लागतं. आपल्याकडे पाव ठिपके, तर कार्डही त्या मापाचं. शिवाजी मंदिराचा प्रयोग शिवाजी पार्कवर करण्याइतके कर्णे घेऊन करायचा नाही, हे तत्त्व मला लगेच पटलं.

म्हणून नायक आरटीएक्स ४०६०. किंमत २९,५०० रुपये, खाणं ११५ वॅट. त्याच पिढीतलं सर्वांत मोठं कार्ड, ४०९०, साडेचारशे वॅट खातं. दिग्दर्शक रायझन ५ ५६००, सहा कोअरचा, १२,००० ला. बहुतेक गेमना सहा चांगले कोअर पुरतात. उरलेले अठरा विंगेत उभे राहून चहा पितात, आणि मानधन मात्र पूर्ण. मदरबोर्ड ९,५००. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच सोळाची घेतली तर दोन रस्त्यांपैकी एक बंद राहतो. ३,५००. साठवायला एक टीबीची एसएसडी, ५,०००. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळं आवाजही शून्य. या मंडळींना आमच्या परीक्षणांत एक ठरलेलं वाक्य असे: ‘इतरांनी यथायोग्य साथ दिली.’ साथ द्यायला तेवढेच पैसे द्यावेत.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढं. मी समजत होतो की शांतता हा वेगळा भाग असतो, तो वरून विकत घ्यायचा, पडद्याला अस्तर लावतात तसा. चिन्मय म्हणाला, तसं नाही. जितके वॅट खाल्ले, तितकी उष्णता. उष्णता काढायला वारा. वाऱ्याला पंखे. आणि पंखे म्हणजे आवाज. म्हणजे आवाज हा वॅटचा पणतू! पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा साधारण निम्मा होतो, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलनं उतरतो. आणि दहा डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणून छोटे पंखे जिवाच्या आकांतानं फिरवण्यापेक्षा मोठे पंखे सावकाश फिरवावेत. हे ऐकून मला आमच्या बँकेतले दोन मॅनेजर आठवले. असो.

म्हणजे काटकसर आणि शांतता या सख्ख्या बहिणी निघाल्या. उधळपट्टी करणारं यंत्रच ओरडतं. आयुष्यभर मी हे कर्जदारांना सांगत होतो, पण माझ्याजवळ डेसिबल नव्हते.

आता त्या कोटेशनातल्या पाहुण्या कलाकारांचा समाचार. काचेचं कॅबिनेट: दिसायला शोकेस, पण समोरून हवा घ्यायला जागाच नाही, मग आतले सात पंखे कोंडलेल्या माणसांसारखे धापा टाकणार. आम्ही समोर जाळी असलेलं घेतलं, ५,००० ला. पाण्याचा कूलर: पाण्यातली उष्णता शेवटी पंख्यांनीच बाहेर टाकायची, वर पंपाची गुणगुण वेगळी. पासष्ट वॅटच्या प्रोसेसरला तांब्याच्या चार नळ्यांचा आणि एका मोठ्या पंख्याचा उभा कूलर २,५०० ला मिळाला. तोही न घेता प्रोसेसरबरोबर फुकट येणाऱ्या चिमुकल्या कूलरवर काम भागलं असतं. पण तो ताण आला की ओरडतो. शांततेसाठी वेगळे म्हणून मोजलेले पैसे ते एवढेच.

हजार वॅटच्या एसएमपीएसबद्दल माझा समज असा की तो महिनाभर हजार वॅट खाणार. हाही गैरसमज निघाला. तो मागितली तेवढीच वीज देतो. जास्तीचा भुर्दंड बिलात नाही, किमतीत. आमच्या यंत्राची भूक खेळताना अडीचशे वॅटच्या आतबाहेर, म्हणून साडेपाचशे वॅटचा चांगला घेतला, ५,००० ला. निम्म्या ताकदीवर काम करत असल्यानं त्याचा पंखाही आळसावलेला राहतो. त्यावरचा ‘८० प्लस’चा शिक्का मात्र नीट वाचावा. वीज किती वाया जात नाही एवढंच तो सांगतो. पंखा किती ओरडतो हे सांगत नाही. नाटकाच्या जाहिरातीत ‘वातानुकूलित नाट्यगृह’ लिहितात तसं. खरं असतं, पण नाटकाबद्दल नसतं.

बेरीज ७२,०००. तिच्यातले शंभरात चाळीस एकट्या नायकाचे. हे भाव त्या दिवाळीतले. ते पाठ करून दुकानात जाऊ नका, प्रमाण तेवढं ध्यानात ठेवा. त्यातही नियम अपवादासाठी असतो. फोटो-व्हिडिओची मोठी कामं करणाऱ्याला ते अठरा कोअर विंगेत सापडणार नाहीत, रंगमंचावरच दिसतील.

यंत्र जोडलं. सुरू केलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. काही ऐकू येईना. मी म्हटलं, “बिघडलं वाटतं.” चिन्मयनं पडदा दाखवला, तो चालू होता. खेळ सुरू केल्यावर मात्र एक बारीक शीळ आली. वारा नव्हे, किडा ओरडावा तशी. कार्डावरच्या कॉइल थरथरतात म्हणे. कुठल्या कार्डाच्या नशिबी किती, ते घरी आणल्यावरच कळतं. गंमत अशी की शीळ खेळात कमी आणि खेळाच्या आधीची नुसती यादी पडद्यावर असताना जास्त. कारण तिथं रंगवायला काही नसल्यानं कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं फेकत होतं, जी १४४ च्या पडद्यावर दिसणारच नव्हती. रिकाम्या प्रेक्षागृहापुढं जीव तोडून अभिनय! चिन्मयनं मर्यादा १४० वर बांधली. शीळ जवळजवळ गेली, पंखाही खाली बसला.

मग त्यानं हिला बोलावलं. पंख्यानं किती तापमानाला किती वेगानं फिरायचं, हे ठरवता येतं. हिनं डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, “आवाज असला तरी चालेल रे, पण एकाच सुरात राहू दे. वर-खाली मुरक्या नकोत.” मी पंचवीस वर्षं परीक्षणं लिहिली, पण इतकं नेमकं परीक्षण मला कधी जमलं नाही. सतत येणारा मंद सूर कान विसरतो. चढत-उतरत राहणारा विसरू देत नाही. चिन्मयनं पंख्यांना ताकीद दिली की प्रत्येक ठिणगीला दचकून पळायचं नाही.

पंधरा दिवस सुखात गेले. एके संध्याकाळी जुनी घरघर पुन्हा सुरू. चिन्मय घाबरला, तापमान पाहिलं तर नव्वदीकडे निघालेलं. त्यानं सगळे स्क्रू काढले, वायरी तपासल्या, दुकानदाराला फोन लावायला निघाला. तेवढ्यात माझं लक्ष कॅबिनेटच्या माथ्यावर गेलं. तिथं, गरम हवा बाहेर पडण्याच्या जाळीवर, हिनं विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरलेला होता. रुमालावर गणपती. गणपतीपुढं निरांजन.

“अहो, नवीन वस्तू आहे, धूळ बसते,” ही म्हणाली.

रेडिओ, टीव्ही, मिक्सर, टेलिफोन – आमच्या घरातल्या प्रत्येक यंत्राला हिनं झबलं घातलंय. ते निमूटपणे घालून घेणाऱ्यांत हे पहिलंच तक्रार करणारं निघालं. गणपती कपाटावर गेला, रुमाल पुढच्या खेपेची वाट बघत ड्रॉवरमध्ये गेला, आणि धुळीसाठी समोरची जाळी महिन्याला एकदा धुवायचं काम माझ्याकडे आलं.

तर एकंदरीत अभिप्राय असा. संहिता आटोपशीर. नायकाचं काम मापात आणि प्रभावी. दिग्दर्शन सफाईदार. नेपथ्य साधं, दिवे नाहीत, त्यामुळं लक्ष विचलित होत नाही. इतरांनी यथायोग्य साथ दिली. वाचलेल्या नव्वद हजारांचं मी पुन्हा रिकरिंग केलंय, आणि तो फॉर्म त्याच पासबुकात घडी घालून ठेवलाय. त्याची मुदत टळून गेली. कुणी मागितला नाही.

एकच त्रुटी राहिली. यंत्र गप्प झाल्यापासून खेळणारा ऐकू येऊ लागलाय. कानाला हेडफोन असल्यानं आपण किती ओरडतो, हे त्याला कळत नाही. परवा पलीकडे यमनचा आलाप रंगात आला होता. तीव्र मध्यम नुकताच कुठं लागत होता, आणि भिंतीपलीकडून चिन्मय जिवाच्या आकांतानं ओरडला, “अरे मागे बघ! मागे! मागे आलाय तो!”

तिन्ही मुली गायच्या थांबल्या आणि वळून मागे बघू लागल्या. हिनंसुद्धा बघितलं.

मी मात्र खुर्चीखाली वाकून पाहिलं. जुनी सवय.