बराहिमा कोण होते? पूर्वपक्षात उरलेला एक ग्रंथ

नवव्या-दहाव्या शतकांतील अरबी वादग्रंथांत 'बराहिमा' नावाचा एक पक्ष पुन:पुन्हा भेटतो. शब्द उघडच 'ब्राह्मण'वरून आलेला. या बराहिमांचे म्हणणे असे : ईश्वर आहे; पण त्याने प्रेषित पाठवले, हे आम्हांस मान्य नाही. त्याने माणसाला बुद्धी दिली, तेवढी पुरे. मराठी वाचक इथे थबकेल. वेद अपौरुषेय मानणारे, शब्दप्रमाणाच्या रक्षणासाठी मीमांसेसारखे अख्खे शास्त्र उभारणारे ब्राह्मण बगदादच्या ग्रंथांत जाऊन एवढे बुद्धिवादी कसे झाले?

या प्रश्नाचा धागा इब्न अल्-रावंदीपर्यंत जातो. नवव्या शतकातला हा बगदादचा पंडित आधी मुअतझिला पंथाचा, म्हणजे ईश्वरविचारात बुद्धीला मोठे स्थान देणाऱ्यांपैकी. पुढे तो त्यांच्यावरच उलटला. त्याच्या 'किताब अल्-झुमुर्रुद' या ग्रंथात, म्हणजे पाचूच्या ग्रंथात, वह्य अर्थात ईश्वरी संदेश या कल्पनेवर थेट हल्ला आहे. (पाचू पाहून सापाचे डोळे फुटतात, म्हणून हे नाव, असे सांगतात. नाव ठेवणाऱ्याचा स्वभाव त्यावरून कळावा.) त्याचा मुख्य युक्तिवाद दुधारी आहे. प्रेषित जे सांगतो ते बुद्धीला पटणारे असेल, तर प्रेषिताची गरज नाही. बुद्धीविरुद्ध असेल, तर ते स्वीकारायचे कशाला? मग तो तपशिलात शिरतो. काबाभोवतीच्या प्रदक्षिणेत आणि दोन टेकड्यांमधल्या धावण्यात बुद्धीला पटेल असे काय आहे? कुराणाची भाषा अजोड असेलही, पण ज्यांना अरबी येतच नाही त्यांच्यावर तो पुरावा कसा लागू व्हावा? बद्रच्या लढाईत मदतीला उतरलेले देवदूत उहुदच्या दिवशी कुठे होते?

हे सारे तो बराहिमांच्या तोंडी घालतो. जर्मनीत शिकलेले अभ्यासक पॉल क्राउस यांनी १९३०च्या दशकात हे अवशेष प्रकाशात आणले तेव्हा त्यांचे मत असे पडले की, हे बराहिमा इब्न अल्-रावंदीनेच रचले. सारा स्ट्रूम्सा यांनी पुढे दाखवले की, हे नाव त्याच्याबाहेरच्या जुन्या ग्रंथांतही येते. तेव्हा सगळेच बनावट म्हणता येत नाही. अल्-बिरूनीनेही अकराव्या शतकात नोंदवले आहे की, हिंदूंचे धर्मनियम ऋषींकडून आलेले असल्याने त्या कामी त्यांना प्रेषित लागत नाही. म्हणजे भारताविषयीची काही खरी माहिती तिकडे पोचली असावी.

पण नावाचे मूळ भारतीय ठरले म्हणून युक्तिवाद भारतीय ठरत नाही. माझ्या मते तो पूर्णपणे घरचा आहे. चांगले-वाईट बुद्धीने कळते, हे मुअतझिलांनी आधीच मान्य केले होते. तिथून 'मग वह्य कशासाठी?' हा प्रश्न एका पावलावर उभा होता. इब्न अल्-रावंदीने ते पाऊल टाकले, इतकेच. पुण्यात १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. तेव्हापासून या विषयावरच्या मराठी चर्चेत 'हा विचार बाहेरचा' ही तक्रार ऐकू येते. ती इथे टिकत नाही. आणि 'आमच्याच ब्राह्मणांनी अरबांना बुद्धिवाद शिकवला' असे कोणी मिरवणार असेल, तर त्याने आधी कुमारिल भट्ट वाचावा.

योसेफ फान एस यांना शंका आहे की, हा मनुष्य नास्तिक नसून वादाच्या कसरतीसाठी विरोधी बाजू मांडत असावा. असेल, पण उहुदच्या देवदूतांचा तो टोला मला शाळेतला अभ्यास वाटत नाही.

आता मूळ अडचण. पाचूचा ग्रंथ नष्ट झाला आहे. उरले ते खंडनकारांनी उद्धृत केलेले तुकडे. चार्वाकाला आपण जसे माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून ओळखतो, तसेच हे. रय्यचा वैद्य अबू बक्र अल्-राझी याचे प्रेषितविरोधी विचारही असेच उरले. ईश्वराने काही निवडक लोकांनाच ज्ञान देऊन माणसांत कलह का लावावा, हा त्याचा प्रश्न अबू हातिम अल्-राझी या त्याच्याच गावच्या प्रतिपक्ष्याने लिहून ठेवला. तोही त्याचे नाव न घेता, नुसते 'मुल्हिद' म्हणजे पाखंडी म्हणून.

दोन्ही ठिकाणी जपणारे इस्माइली आहेत, हा योगायोग नसावा. बुद्धीला शिक्षक लागतो आणि तो शिक्षक म्हणजे इमाम, हा त्यांचा सिद्धांत. तो पटवायचा, तर बुद्धी एकटी पुरते म्हणणाऱ्याचे बोलणे आधी नीट ऐकवावे लागते. झुमुर्रुदचे उतारे अल्-मुअय्यद फिद्दीन अल्-शिराझी याच्या 'मजालिस'मध्ये आहेत : अकराव्या शतकात कैरोत, फातिमी खलिफांच्या काळी, श्रद्धावंतांच्या बैठकींसाठी तयार झालेली ही व्याख्याने. पुढे यमन आणि गुजरातेतल्या बोहरा घराण्यांनी त्यांच्या नकला पिढ्यान्पिढ्या उतरवल्या. आसफ फैझींनी मुंबई विद्यापीठाला दिलेला हस्तलिखितांचा संग्रह याच परंपरेतला. खंडन जपावे म्हणून बसलेल्या त्या नकलनविसांना प्रत्येक नकलेत पाखंड्याचा प्रश्नही अक्षरश: लिहावा लागला.