जातेगावचा जमाखर्च आणि आराखड्याचे रंग

शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक हे गाव शेतीच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना शंभर वर्षांपासून माहीत आहे. डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि एन. व्ही. कानिटकर यांनी 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' या अभ्यासमालेतले दुसरे पुस्तक 1921 मध्ये प्रसिद्ध केले, ते याच गावावर. पहिले पुस्तक 1917 चे आणि पिंपळे सौदागरचे. मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक झाले. या पुस्तकांचा उल्लेख आजही होतो, पण तो बहुधा एकदोन आकड्यांपुरता. शिरूर-दौंडच्या जमिनीचे नियोजन पुन्हा वादात सापडलेले असताना ती वेगळ्या प्रश्नाने वाचली पाहिजेत. संशोधनाने जमवलेला पुरावा नियोजनात जातो, तेव्हा त्यातले काय उचलले जाते आणि काय मागे राहते?

सर्वाधिक उचलला गेलेला आकडा पिंपळे सौदागरचा आहे. जुन्या दप्तरांच्या आधारे मॅन यांनी दाखवले की 1771 मध्ये त्या गावातली सरासरी धारणा 40 एकरांची होती. 1818 मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि 1914-15 मध्ये अवघ्या 7 एकरांवर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी जमिनीचे काय झाले, हे यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण. पण मॅन यांच्या अभ्यासाचा गाभा या घसरणीत नाही, कुटुंबांच्या जमाखर्चात आहे. त्यांनी गावातल्या कुटुंबांचे उत्पन्न, कर्ज आणि गावच्या रीतीने जगायला लागणारा खर्च मांडून तीन गट पाडले: केवळ जमिनीवर निभावणारी, जमिनीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन निभावणारी, आणि काही केल्या न निभावणारी. पिंपळे सौदागरमधल्या अनेक घरांना खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मजुरीचा आधार होता. जातेगाव शहरापासून दूर, कोरडवाहू, पावसावर अवलंबून. तिथेही बहुतेक कुटुंबांचा हिशेब जुळत नव्हता. एकाच जिल्ह्यातली दोन गावे शेजारी ठेवल्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. शेतकऱ्याची स्थिती केवळ एकरांवर ठरत नव्हती. पाणी, मजुरी आणि सावकाराचे देणे यांच्यासह ती ठरत होती.

या पुराव्याचे दोन अर्थ लावता येत होते. शेतीखात्याने आणि कायदेमंडळातल्या अनेकांनी पहिला लावला: तुकडे हाच रोग, म्हणून तुकडे पडण्यास बंदी घालावी. दुसरा अर्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1918 सालच्या 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' या निबंधात मिळतो. त्यांचा रोख कीटिंग, प्राध्यापक जेव्हन्स आणि बडोदे संस्थानची समिती यांच्या मांडणीवर होता. धारणा लहान की मोठी हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरवता येत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात यावरून ते ठरते, असे त्यांचे म्हणणे. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे आणि त्यांना दुसरे काम नाही, हे दुखण्याचे मूळ. त्यावर उपाय म्हणजे उद्योगधंद्यांची वाढ. 1927 मध्ये लहान धारणांचे विधेयक मुंबई कायदेमंडळात आले तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला, आणि ते विधेयक पुढे बारगळले. खडकीच्या कारखान्यावर तगणाऱ्या पिंपळे सौदागरच्या घरांचा हिशेब आंबेडकरांच्या मांडणीला जवळचा आहे, हे आज दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की जाणवते.

कायदा मात्र पहिल्या अर्थाचा झाला. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने जमिनीसाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवले आणि त्याहून लहान तुकड्याच्या व्यवहारावर बंदी आणली. एकत्रीकरणातून सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. त्या वेळच्या नोंदींतल्या चुका दुरुस्त करून घ्यायला लोक आजही भूमी अभिलेख कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. क्षेत्रफळ मोजता येते, सातबारावर लिहिता येते, निबंधकाला ते तपासता येते. कुटुंबाचे देणे आणि विहिरीचे पाणी यांचे तसे नाही. त्यामुळे मॅन यांच्या पुराव्यातला क्षेत्रफळाचा भाग कायद्यात उतरला आणि बाकीचा पुस्तकातच राहिला.

परिणाम पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर दिसतो. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने आले, कामगार आले, त्यांना घरे हवी झाली. एक-दोन गुंठ्यांची गरज होती, पण तेवढ्याची नोंद होत नव्हती. मग दहा-बारा जणांनी मिळून एक खरेदीखत करायचे, सातबारावर सामाईक नाव लावायचे आणि जागेवर दगड रोवून वाटणी करायची, अशी रीत पडली. काहींनी तर साध्या नोटरीवर आयुष्याची कमाई लावली. 2023 मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे असे खाली आणले. 2025 मध्ये बिगरशेती वापराच्या भागांतले जुने तुकडे नियमित करण्यासाठी अध्यादेश निघाला. यातून अनेक घरांना दिलासा मिळेल, यात शंका नाही. पण शेतीला एकर पुरत नाही म्हणून केलेला कायदा आता शहराला गुंठा हवा म्हणून सैल होतो आहे, आणि या दोन्ही वेळा कुटुंबाचा जमाखर्च कोणी मागवलेला नाही.

मॅन-कानिटकरांच्या अभ्यासालाही मर्यादा आहेत. त्यांचे एकक कुटुंब आहे, आणि त्या कुटुंबात बाईच्या श्रमाची वेगळी मोजदाद होत नाही. गावाच्या हिशेबात धनगराचा कळप, गायरानावरचे गवत आणि भूमिहीनांचे सरपण यांना जमीनधारकाइतके स्थान नाही. ही उणीव नंतरच्या नियोजनात मोठी होत गेली. दौंड तालुक्यात पाटस-कुरकुंभच्या परिसरात जी माळराने आहेत, त्यांना सरकारी वर्गीकरणात सहजपणे 'पडीक' म्हटले जाते. पडीक म्हटले की तिथे झाडे लावायला, वसाहत आणायला किंवा सौरपट्ट्या उभारायला कोणाची हरकत उरत नाही. पण लांडगा, तरस आणि बिबट्या यांच्या वावरावर इरावती माजगावकर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की पश्चिम भारतात हे प्राणी अभयारण्यांबाहेर, शेती आणि माळरानांच्या मिश्र प्रदेशातच मोठ्या क्षेत्रावर टिकून आहेत. दौंडला लागून बारामती तालुक्यात सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण चिंकारा आणि लांडगा काही त्याच्या कुंपणात राहत नाहीत.

आराखड्याच्या नकाशावर शेतीचा एकच हिरवा रंग असतो. पावसावरची बाजरी आणि कालव्यावरचा ऊस एकाच रंगात बसतात. कुकडी, चासकमान आणि घोडच्या पाण्याने शिरूरच्या काही भागांत ऊस वाढला. या उसात बिबट्याची मादी पिल्ले वाढवते, आणि त्याच उसाला लागून शेतातल्या वस्त्या आहेत. शिरूरचा समावेश असलेल्या जुन्नर वनविभागात पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडण्याच्या उपायाचा अभ्यास अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केला. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोठ्या प्रमाणात स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली. इतका थेट पुरावा हाती असताना 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात मुलांचा बळी गेला, लोक रस्त्यावर उतरले, आणि चर्चा पुन्हा पिंजरे आणि बंदुका यांवरच राहिली. वस्ती आणि ऊस यांच्यामध्ये किती अंतर असावे, शाळेची वाट कुठून जावी, रात्रीऐवजी दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्याला अंधारात पाणी धरायला जावे लागेल का, हे जमीन वापराचेच प्रश्न आहेत. ते वनखात्याच्या फाइलीत अडकले आहेत.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा प्रारूप आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. शिरूर आणि दौंडचे काही भाग त्यात होते. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि 2025 मध्ये तो रद्द झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 25 नुसार आराखड्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. पण हा नकाशा आज जमिनीवर काय आहे एवढेच सांगतो. ती जमीन कोणाच्या कोणत्या उत्पन्नाशी जोडलेली आहे, पाणी कोठून येते, आणि पुढच्या वाटणीनंतर काय होणार आहे, हे तो सांगत नाही. मॅन यांनी शंभर वर्षांपूर्वी नेमके तेच विचारले होते.

त्या साठ हजार हरकती केवळ अडथळा मानल्या जाणे, हे या प्रकरणातले मोठे नुकसान ठरेल. हरकत नोंदवणारा आपला गट नंबर लिहितो, विहीर कुठे आहे, घर कधी बांधले, रस्ता गेला तर किती उरते, हे सांगतो. त्यात स्वार्थ असतो, अतिशयोक्ती असते, दलालाने लिहून दिलेला ठरावीक मसुदाही असतो. मॅन यांनाही लोकांनी कर्जाचे आकडे सरळ सांगितले असतील असे मानायचे कारण नाही. तपासून, ताडून पाहणे हे अभ्यासकाचे कामच असते. नवा आराखडा हाती घेताना या हरकती गावनिहाय वाचून काढाव्यात, शिरूर आणि दौंडमधले एकेक गाव निवडून घरोघरचा जमाखर्च पुन्हा मांडावा, आणि नकाशावरच्या प्रत्येक रंगापुढे तो कोणत्या पुराव्यावर दिला हे लिहावे. त्याची सुरुवात जातेगाव बुद्रुकपासून करता येईल, कारण तिथला पहिला हिशेब तयार आहे.